कीड व्यवस्थापन उंबरठ्यापाशी थांबू नये

दोन वर्षांपूर्वी तूर पिकाच्या शेतीशाळेनिमित्त मराठवाड्यातील एका गावी जाणे झाले. तेथील शेतकरी जाणकार होते. घाटे अळीसाठी त्यांनी कामगंध सापळे लावले होते आणि सलग दोन-तीन दिवस प्रत्येक सापळ्यात आठ-दहा पतंग आढळल्याखेरीज फवारणीचा विचार करायचा नाही, हे ते ठामपणे सांगत होते. शेतात पक्षिथांबे उभे होते, निंबोळी अर्क घरी तयार केलेला होता. मन प्रसन्न व्हावे असे ते शिवार होते.

शेतीशाळा संपल्यावर त्यांपैकी एका ज्येष्ठ शेतकऱ्याने आग्रहाने जेवायला घरी नेले. स्वयंपाकघराला लागूनच धान्याची खोली होती आणि तिच्या दाराशी लसणासारखा उग्र वास येत होता. विचारले तेव्हा ते सहजपणे म्हणाले, "काही नाही साहेब, ज्वारीत पोरकिडे झाले होते. काल चार गोळ्या टाकल्या." त्या खोलीच्या भिंतीपलीकडे त्यांची दोन नातवंडे झोपत असत. घरातील सर्वांना तत्काळ अंगणात आणले, बाहेरची दारे-खिडक्या उघडली आणि पुढचे काही दिवस कोणीही त्या भागात राहणार नाही अशी व्यवस्था केली. विपरीत काही घडले नाही, हे केवळ सुदैव.

ज्या माणसाने शेतात पतंग मोजल्याशिवाय पंप हाती घेतला नाही, त्यानेच घरात मात्र किती किडे आहेत, कोठून आले, कशामुळे वाढले याचा काहीही विचार न करता विषारी वायूची गोळी वापरली. या विसंगतीचा दोष मी त्यांना देत नाही. तो आपला, म्हणजे विस्तार यंत्रणेचा आहे. भारताने १९८५ मध्ये एकात्मिक कीड व्यवस्थापन हे पीक संरक्षणाचे धोरण म्हणून स्वीकारले. तेव्हापासून आपण निरीक्षण, प्रतिबंध, मशागत, मित्रकीटक आणि शेवटी रसायन हा क्रम शिवाराशिवारात शिकवत आलो. पण ही शिकवण घराच्या उंबरठ्यापाशी थांबली. घर कायमस्वरूपी कीडमुक्त ठेवायचे असेल, तर तोच क्रम घरातही पाळावा लागेल, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

गोळीविषयी स्पष्ट बोलू या

धान्यात टाकण्याच्या या गोळ्या म्हणजे अॅल्युमिनियम फॉस्फाईड. हवेतील ओलाव्याशी संयोग होताच त्यांतून फॉस्फीन हा अतिविषारी वायू बाहेर पडतो. तो दाराच्या फटीतून, कौलांमधून, तडे गेलेल्या भिंतीतूनही शेजारच्या खोलीत शिरतो. या विषबाधेवर आजही खास उतारा उपलब्ध नाही. याच कारणास्तव आपल्या देशात या रसायनाच्या वापरावर निर्बंध आहेत. शासकीय यंत्रणा, शासकीय उपक्रम आणि परवानाधारक कीड नियंत्रण व्यावसायिक यांनीच तज्ज्ञांच्या देखरेखीखाली ते वापरावे, असा नियम आहे. तरीही गोळ्या सहजपणे घरोघरी पोहोचतात आणि झोपेत दगावलेल्या कुटुंबांच्या बातम्या देशाच्या निरनिराळ्या भागांतून येत राहतात.

ही गोळी घरात धोकादायक तर आहेच, शिवाय बहुधा निरुपयोगीही ठरते, याकडे मात्र फारसे लक्ष दिले जात नाही. फॉस्फीनने धान्यातील किडीच्या सर्व अवस्था मारावयाच्या, तर साठा पूर्णपणे हवाबंद हवा आणि वायूची पुरेशी मात्रा त्यात कित्येक दिवस टिकून राहायला हवी. घरातील पोत्यांच्या थप्पीत किंवा सैल झाकणाच्या कोठीत हे घडत नाही. वायू बाहेर माणसांकडे जातो. आत प्रौढ भुंगेरे मरतात, पण अंडी आणि कोष अधिक चिवट असल्याने त्यांतील बरेच वाचतात. महिन्याभराने पुन्हा पोरकिडे दिसू लागतात आणि पुन्हा गोळी टाकली जाते. अपुऱ्या मात्रेतून वाचलेल्या किडींमध्ये प्रतिकारशक्ती वाढत जाते. तांबडा भुंगेरा आणि दाणे पोखरणारा लहान भुंगेरा यांमध्ये फॉस्फीनविरुद्धची अशी प्रतिकारशक्ती भारतात आढळून आलेली आहे. शेतात ज्या चुकीबद्दल आपण शेतकऱ्यांना सावध करतो, तीच चूक घरात अधिक घातक स्वरूपात चालू आहे.

पिकासाठी आणलेली कीटकनाशके घरात ठेवणे आणि झुरळे, ढेकूण किंवा मुंग्यांवर तीच मारणे हाही असाच प्रकार. बिहारच्या सारण जिल्ह्यात जुलै २०१३ मध्ये शालेय माध्यान्ह भोजनातून विषबाधा होऊन २३ मुले मृत्युमुखी पडली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे शेतीतील कीटकनाशक आढळले होते. शेतीतील विष आणि घरातील अन्न एका छताखाली, एका फडताळात आले की काय होऊ शकते, याचा याहून कठोर धडा नाही. आपली भाषाही या बाबतीत आपल्याला बेसावध करते. आपण विषाला 'औषध' म्हणतो. 'औषध टाकले', 'औषध मारले' असे म्हणताना मनातील भीती कमी होते. कृषी कार्यकर्त्यांनी तरी प्रशिक्षणात 'कीटकनाशक' किंवा सरळ 'विष' हाच शब्द वापरावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

कीड घरात का राहते?

कोणत्याही किडीला घरात चार गोष्टी लागतात : अन्न, ओल, आसरा आणि आत येण्याची वाट. यांपैकी एखादी जरी काढून घेतली, तरी तिची संख्या आपोआप आटोक्यात येते. फवारा या चारांपैकी एकही गोष्ट काढत नाही. तो केवळ त्या दिवशी समोर असलेले किडे मारतो. जर्मन झुरळाच्या एका अंडकोषात तीस-चाळीस अंडी असतात आणि फवाऱ्याचा अंश त्यात पोहोचत नाही. मोरीची गळती, ओट्यामागची फट आणि रात्रभर पडून राहिलेली उष्टी भांडी कायम असतील, तर पुढची पिढी त्याच जागी सुखाने वाढते.

आरोग्य खात्याने डासांच्या बाबतीत हे तत्त्व फार पूर्वीच ओळखले. डेंग्यू पसरवणाऱ्या डासाला अंड्यापासून प्रौढ होण्यास साधारण आठवडा लागतो, म्हणून आठवड्यातून एक दिवस पाण्याची सर्व भांडी रिकामी करून, घासून कोरडी करायची, हा 'कोरडा दिवस'. यात विषाचा थेंबही नाही. किडीचे जीवनचक्र ओळखून त्याच्या नेमक्या वेळी घाव घालायचा, एवढेच आहे. हाच विचार धान्याच्या कोठीलाही लागू पडतो.

धान्याची कोठी : खरी परीक्षा येथेच

तांदूळ, गहू, ज्वारीतील सोंडकिड्याची मादी दाण्याला बारीक छिद्र पाडते, आत अंडे घालते आणि ते छिद्र चिकट द्रावाने बंद करते. अळी दाण्याच्या आतच वाढते आणि अनुकूल हवामानात साधारण महिन्याभराने सोंडे बाहेर येतात. म्हणजे आपल्याला सुपात चालताना जे दिसतात, त्यांच्या कितीतरी पट अधिक किडी दाण्यांत दडलेल्या असतात. म्हणूनच एकदा चाळून भागत नाही. पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा पाहावे लागते.

कडधान्यांची गोष्ट आणखी निराळी. तूर, मूग, चवळी, हरभऱ्यातील भुंगेऱ्याचा प्रादुर्भाव पुष्कळदा शेतातच सुरू होतो. पक्व शेंगांवर मादी अंडी घालते आणि ती कीड मळणीनंतर दाण्यांसोबत घरात येते. दाण्यावरचे पांढरे ठिपके म्हणजे तिची अंडी. त्यामुळे काढणी वेळेवर करणे, शेंगा शेतात वाळत न ठेवणे आणि माल घरात नेण्यापूर्वी कडक उन्हात तापवणे, हे कोठीच्या संरक्षणाचे पहिले पाऊल शेतातच टाकावे लागते. काळ्या प्लॅस्टिकवर कडधान्याचा पातळ थर पसरून वरून पारदर्शक प्लॅस्टिकने कडा दाबून झाकला, तर मार्च ते मे महिन्यांतील उन्हात आतील तापमान साठ अंशांच्या आसपास जाते आणि भुंगेऱ्याच्या दाण्यातील अवस्थाही मरतात. खाण्यासाठीच्या डाळीला हा उपाय उत्तम. बियाण्याबाबत मात्र उगवणशक्तीचा विचार करून तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. जी तूर खायचीच आहे तिची डाळ लवकर करून ठेवणेही शहाणपणाचे, कारण भुंगेरा डाळीपेक्षा अख्ख्या दाण्यावर अधिक वाढतो. आपल्या आज्या दाण्यांना तेलाचा हात लावून ठेवत, त्यातही शास्त्र आहे. तेलाच्या पातळ थराखाली अंडी गुदमरतात.

साठवणुकीतील कळीचा मुद्दा मात्र ओलाव्याचा आहे. धान्यातील ओलावा १२ टक्क्यांच्या आणि कडधान्यातील ९ ते १० टक्क्यांच्या खाली असेल, तर बहुतेक किडींची वाढ मंदावते आणि बुरशीही लागत नाही. ओलावामापक प्रत्येकाकडे नसतो, पण दाताखाली दाणा 'कट्ट' आवाज करून तुटला पाहिजे, ही जुनी परीक्षा अजूनही उपयोगी आहे. ओलसर धान्यात कडुनिंबाचा पाला घालून निर्धास्त राहणे, हा मात्र स्वतःला फसवण्याचा प्रकार आहे. परंपरेतील प्रत्येक उपाय चांगल्या वाळवणानंतर होता, वाळवणाऐवजी नव्हता.

दुसरा मुद्दा जुन्या-नव्याच्या सरमिसळीचा. कोठीच्या तळाशी उरलेल्या दोन पायली जुन्या गव्हावर नवा गहू ओतला, की वर्षभराची कीड आपणच पेरली असे समजावे. खापरा भुंगेऱ्याच्या अळ्या भिंतीच्या फटीत, पोत्याच्या शिवणीत अन्नावाचून कित्येक महिने, प्रसंगी काही वर्षेही सुप्त राहू शकतात. म्हणून नवा माल येण्यापूर्वी कोठी पूर्ण रिकामी करणे, झाडणे, भेगा बुजवणे, बारदान उकळत्या पाण्यातून काढून उन्हात वाळवणे आवश्यक आहे. पोती जमिनीवर न टेकवता लाकडी फळ्यांवर आणि भिंतीपासून हातभर अंतर सोडून रचावीत. ते अंतर ओल लागू नये म्हणून तर आहेच, शिवाय मागे पाहता यावे म्हणूनही आहे. जे दिसत नाही, त्याचे व्यवस्थापन होत नाही.

पाहण्यासाठी साधनेही आहेत. कोईम्बतूरच्या तमिळनाडू कृषी विद्यापीठाने धान्यात खोचून ठेवायचा छिद्रांच्या नळीचा सापळा विकसित केला. मोकळ्या हवेकडे सरकण्याच्या किडीच्या सवयीचा त्यात उपयोग केला आहे. भुंगेरे छिद्रांतून आत शिरतात आणि तळाच्या भांड्यात पडतात. शेतातील कामगंध सापळ्याचे काम घरात ही नळी करते. आठवड्याला ती काढून पाहिली, तर कीड दोन-चार असतानाच कळते आणि तेव्हा ऊन व चाळण पुरेशी ठरते. काहीच साधन नसेल तर कोपरापर्यंत हात धान्यात घालावा. आतून कोमट लागले, तर किडीच्या हालचालीने किंवा ओलाव्याने धान्य तापू लागले आहे, हे ओळखावे.

साठवणुकीची पात्रे हा आपल्या संस्थांच्या कामाचा अभिमानास्पद भाग आहे. नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेची पुसा कोठी मातीच्याच विटांची, पण दोन थरांमध्ये प्लॅस्टिकचा कागद असल्याने ओल अडवणारी. हापूड आणि लुधियाना येथील पत्र्याच्या कोठ्याही गावोगावी पोहोचल्या. घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या कोठीत किंवा हवाबंद पिशवीत आतला प्राणवायू कमी होत गेला, की कीड वायूच्या गोळीविनाच मरते. अट एकच : आत जाणारे धान्य पुरते कोरडे हवे.

उंदीर, घुशी आणि वाळवी

उंदरांच्या बाबतीत घराची रचना निर्णायक असते, हे महाराष्ट्राने फार मोठी किंमत देऊन अनुभवले आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा भूकंप झाला. पुढच्या काळात परिसरातील अनेक गावांत लोक भीतीने बाहेर झोपड्यांत राहिले आणि धान्य घरांतच राहिले. ओस घरांत अन्न आणि आसरा दोन्ही मिळाल्याने उंदीर वाढले. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावी ग्रंथिक सन्निपाताचे, म्हणजे प्लेगचे रुग्ण आढळले, तेव्हा त्याच्या कारणमीमांसेत हीच साखळी पुढे आली. या रोगाचा आणखी एक धडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. उंदीर मेला की त्याच्या अंगावरील पिसवा माणसाकडे वळतात. म्हणून प्लेगच्या काळात आधी पिसवांचा बंदोबस्त करायचा आणि मग उंदरांचा, असा नियम आहे. विचार न करता केवळ मारत सुटणे कधी कधी अधिक घातक ठरते, ते असे.

लहान घरउंदीर जेमतेम सहा मिलिमीटरच्या फटीतून आत येतो. पेन्सिल शिरेल एवढी फट त्याला पुरते. दाराच्या खालच्या कडेला पत्र्याची पट्टी, मोरीच्या तोंडाला जाळी, नळ व तारा भिंतीतून जातात तेथे सिमेंट, ही कामे एका सुट्टीच्या दिवसात होतात आणि वर्षानुवर्षे टिकतात. झिंक फॉस्फाईडच्या आमिषाने मात्र काही उंदीर मरतात, उरलेले त्या आमिषाला शिवतही नाहीत.

वाळवीबाबतही हेच सूत्र आहे. भारतीय मानक ब्युरोने इमारतींना वाळवी लागू नये यासाठी जे मानक तयार केले आहे, त्याचा पहिलाच भाग रसायनांचा नसून बांधकामातील उपायांचा आहे, ही गोष्ट बोलकी आहे. वाळवीचे वारूळ जमिनीत असते आणि ओल टिकवण्यासाठी ती मातीच्या नळ्यांतून ये-जा करते. सरपण, गोवऱ्या, जुने वासे भिंतीला टेकवून ठेवणे म्हणजे तिला शिडी लावून देणे होय. जळण भिंतीपासून दूर आणि दगडांवर रचावे, जोत्यालगत सांडपाणी मुरू देऊ नये, चौकटीचे लाकूड मातीत गाडू नये आणि पावसाळ्यानंतर जोत्याभोवती एक फेरी मारून मातीच्या नळ्या शोधाव्यात.

आक्षेप आणि त्यांतील तथ्य

हे सारे सांगितले की तीन आक्षेप येतात. पहिला असा, की शेजाऱ्याच्या घरात कीड असेल तर माझे घर स्वच्छ ठेवून उपयोग काय? धान्यातील किडीपुरते हे खरे नाही. झाकणबंद कोठीत शेजारची कीड येत नाही. उंदीर आणि डासांपुरते मात्र ते खरे आहे आणि त्यावर उपाय वस्तीने एकाच दिवशी काम करण्याचा आहे. मोहीम ग्रामसभेत ठरली तरच ती टिकते.

दुसरा आक्षेप घराच्या स्थितीचा. मातीच्या भिंती, कौलारू छप्पर आणि शेणाची जमीन असलेल्या घरात प्रत्येक फट बुजवणार कशी? सर्व घर नाही, पण अन्न ज्या पात्रात आहे ते पात्र अभेद्य करता येते. पैसा मर्यादित असेल तर तो प्रथम एका चांगल्या कोठीवर खर्च करावा, फवाऱ्याच्या डब्यांवर नव्हे.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि तो बायका करतात. वाळवण घालणे, पाखडणे, चाळणे, सारवणे ही कामे त्यांच्याच वाट्याची. शेतातील निंदणी-वेचणी करून आलेल्या बाईला आपण आणखी कामांची यादी देणार असू, तर तिने गोळीचा सोपा मार्ग धरला याबद्दल तिला बोल लावण्याचा आपल्याला अधिकार नाही. या आक्षेपापुढे मी नम्र आहे. म्हणूनच माझा भर रोजच्या कष्टांपेक्षा एकदाच करून दीर्घकाळ टिकणाऱ्या गोष्टींवर आहे : जाळी, पट्टी, कोठी, जोत्याची दुरुस्ती. ही कामे घरातील पुरुषांनी अंगावर घ्यावीत. वर्षातून एकदा कोठी रिकामी करून उन्हात धान्य पसरणे, हे पेरणीइतकेच घरातील सर्वांचे काम मानले जावे.

विस्तार कार्यकर्त्यांना आवाहन

रसायनांना सरसकट विरोध करण्याचा येथे हेतू नाही. रिकाम्या कोठीच्या भिंतींवर शिफारशीनुसार फवारणी, वस्तीपासून दूर असलेल्या गोदामात प्रशिक्षित हातांनी केलेली धुरी, यांना त्यांचे स्थान आहे. पण ते स्थान शेवटचे आहे, पहिले नाही. आणि जेथे माणसे झोपतात तेथे तर मुळीच नाही.

म्हणून प्रत्येक शेतीशाळेतील किमान एक वर्ग शिवारात न भरवता एखाद्या घरात भरवावा. कोठी, मोरी, माळा आणि सरपणाची जागा सर्वांनी मिळून पाहावी आणि अन्न, ओल, आसरा, वाट या चार शीर्षकांखाली नोंदी कराव्यात. या वर्गाला घरातील स्त्रियांना प्रेक्षक म्हणून न बोलावता जाणकार म्हणून बोलवावे, कारण कोठीची माहिती त्यांनाच असते. कृषी विज्ञान केंद्रांनी हवाबंद कोठी आणि नळीचा सापळा यांची प्रात्यक्षिके बचत गटांत घ्यावीत. आणि प्रत्येक रब्बी हंगामाच्या शेवटी, नवा गहू-हरभरा घरात येण्याच्या आधी, गोळीचा धोका एका वाक्यात तरी न चुकता सांगावा.

यंदा पुन्हा त्या गावी गेलो होतो. त्या घरात पत्र्याची कोठी आली आहे आणि तिच्यात छिद्रांची नळी खोचलेली आहे. श्रावणात दोन-तीन भुंगेरे मिळाले, तेव्हा सासू-सुनेने आणि त्या ज्येष्ठ शेतकऱ्याने मिळून उघडीप पाहून धान्य पसरले, असे त्यांनी सांगितले. कीड संपूर्ण नाहीशी झालेली नाही. शेतातही ती कधी संपूर्ण नाहीशी होत नाही. पण ती मोजली जाते, आटोक्यात राहते आणि भिंतीपलीकडे नातवंडे निर्धास्त झोपतात. एकात्मिक कीड व्यवस्थापनाकडून याहून अधिक काय हवे?